चार मण्यांचा निरोप

ताईने शिवलेली वस्तू उसवत नाही, अशी तिच्या गल्लीत ख्याती आहे. तिने शिवलेला गणवेश घालून पोरं भिंतींवर चढतात, कुंपणातून घुसतात, एकमेकांच्या कॉलरी धरून ओढतात. कापड विरतं, पोरगं मोठं होतं, शिवण जागच्या जागी. अशा ताईने ठकीच्या टाकीसाठी काळं झाकण शिवलं, तेव्हा ते कसं बसलं असेल हे वेगळं सांगायला नको. आणि तिथेच घोळ झाला. थोडं ढिसाळ शिवलं असतं, एखाद्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली असती, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण ताई आणि ढिसाळ? नाव काढू नका.

आता ही ठकी कोण, ते आधी सांगायला हवं. ठकी ही एक माकूल. आठ हात, शिवाय भक्ष्यावर झडप घालायला दोन लांब सोंडा, आणि पाठीत ते पांढरं, हलकं हाड, जे समुद्रफेस म्हणून लोक पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात. अंगाचा रंग क्षणात पालटायचा, समोर कोण आहे ते बघून. राहायची समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात, तळमजल्यावरच्या एका मोठ्या टाकीत. तिची आई तिथेच वाढलेली, आजी तिथेच, पणजीसुद्धा. समुद्रातून आणलेल्या पहिल्या जोडीपासून केंद्राने हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं होतं, आणि आता त्या घराण्यात मादी म्हणून ही एकटी उरली होती. वंशाला दिवा काय तो हाच.

आणि हे घराणं सांभाळणारी बाई म्हणजे ताईची धाकटी बहीण. केंद्रात तिला सगळे मॅडम म्हणतात. नावामागे डॉक्टर लागलंय, कानशिलावरचे केस पांढरे झालेत, चष्मा दुहेरी झालाय. पण घरी ती धाकटी, आणि मनातल्या मनात ती स्वतःलाही धाकटीच म्हणते. तेव्हा आपणही तेच म्हणू.

धाकटीने उभ्या आयुष्यात एकाच प्रश्नाशी संसार केला. माकूल वयात येते ती कोणाच्या सांगण्यावरून? प्रश्न साधा वाटतो, पण माकुलीच्या बाबतीत तो जिवावरचा आहे. कारण माकूल एकदाच पिकते. अंडी घालते आणि संपते. लवकर पिकली तर लहानपणीच संपली. म्हणून निसर्गाने तिच्या डोक्यात एक सोय करून ठेवलीय. डोळ्यामागच्या देठावर एक ग्रंथी असते, बारीकशी. ती फुगली की अंडाशय जागं होतं, अंडी भरायला लागतात. आणि मेंदू त्या ग्रंथीला फुगू देत नाही. तो तिला सारखा निरोप धाडत असतो: थांब, अजून नाही, आधी खा, आधी मोठी हो. हा निरोप म्हणजे पेप्टाइड. अमिनो आम्लांचे चार मणी ओवलेली एवढीशी माळ. डोळ्यांना भरपूर उजेड दिसतोय तोवर मेंदू ती माळ धाडत राहतो. उजेड कमी झाला की निरोप मंदावतो, ग्रंथी मोकळी सुटते आणि पोरगी भरभर पिकते. धाकटी हे सगळं जगाला व्याख्यानं देऊन सांगत फिरलेली बाई. हे ध्यानात ठेवा, कारण आता तिने जे केलं ते ऐकून तुम्ही कपाळावर हात मारणार आहात.

झालं असं की ठकीच्या टाकीशेजारच्या जिन्याचं काम निघालं. माणसांची ये-जा वाढली. कोणी जवळून गेलं की ठकी दचकायची, मागच्या मागे सुसाट सुटायची आणि शेपटाकडची बाजू भिंतीवर आपटायची. तिथे जखम झाली. धाकटी फोनवर ताईजवळ कळवळली. "अगं, बघवत नाही. दिवसभर घाबरून असते बिचारी."

"मापं सांग टाकीची," ताई म्हणाली.

चार दिवसांत पार्सल आलं. दुहेरी जाड काळं कापड, कोपऱ्यांना पट्टी, खालच्या कडेला नाडी, चारी बाजूंनी टाकीला असं घट्ट बसलं की जणू टाकीच त्या झाकणाच्या मापाची बनवली होती. ठकी शांत झाली. जखम भरू लागली. धाकटी रोज खाऊ घालायला तेवढं झाकण उचलायची आणि पुन्हा नाडी ओढायची. ताईने शिवलंय म्हटल्यावर त्यात काही वावगं असेल हा विचार तिच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. लहानपणापासून ताईने अंगावर घातलं ते तिने घातलं, ताईने पुढ्यात ठेवलं ते खाल्लं. तिथे शास्त्र कुठे आडवं येणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लक्षात आलं ते टाकीवाल्या काकांच्या. केंद्रातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी, हवा, साफसफाई हे काका बघतात. बोलणं कमी, पण जे बोलतील ते तिखट. महिन्याच्या तपासणीला त्यांनी ठकीला काचेच्या पेटीत घेतलं, पेटी उचलून उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची पोरगी वयात आली की हो."

"काहीतरीच काय. अजून निम्मीसुद्धा झाली नाही ती."

"मग खालून वाकून बघा."

धाकटी वाकली. माकुलीच्या पोटात एक ग्रंथी असते, ती लहान वयात पांढरी दिसते आणि अंडी तयार होऊ लागली की नारिंगी होते. ठकीची नारिंगी झाली होती. गर्द नव्हती, पण पिकायला लागलेल्या फळासारखी एका बाजूने रंगली होती. धाकटीने पेटीवरून नजर उचलली, टाकीकडे बघितलं, टाकीच्या कडेला घडी घालून ठेवलेल्या काळ्या झाकणाकडे बघितलं. ती तिथल्या उपड्या बादलीवर बसली.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी तिला अंधारात ठेवलं. मी! मी ठेवलं, काका!"

 काकांनी ठकीला हळूच पाण्यात सोडलं आणि झाकण उचलून कपाटावर टाकलं. मग म्हणाले, "नवरदेवाचं काय?"

खरी मेख तिथे होती. नवरदेव म्हणजे पलीकडच्या टाकीतला नर. घराण्यातला शेवटचा नर, उशिरा फुटलेल्या अंड्यातला, अजून पोरसवदा. तो तयार व्हायला निदान तीन-चार आठवडे होते. आणि ठकी या चालीने पिकली तर त्याच्या आधीच अंडी घालून मोकळी होणार. फोल अंडी. मग ती जाणार, आणि तिच्यामागे घराणं जाणार. नवी जोडी समुद्रातून आणायची तर दोन हंगाम हाती एकही लागली नव्हती. म्हणजे करायचं एकच: ठकीला थांबवून धरायचं. नवरदेव पिकेपर्यंत तिच्या डोक्यातलं "थांब" पुन्हा चालू करायचं.

दिवे वाढवले. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत लख्ख उजेड. आणि धाकटीने शीतपेटीतून ती चार मण्यांची माळ काढली, प्रयोगशाळेत जुळवलेली. रोज अगदी थोडी, सुईने, डोक्याच्या मुळाशी. पण यात एक खोच होती, आणि तिने धाकटीची झोप उडवली. हाच निरोप डोक्यात ग्रंथीला "थांब" सांगतो, आणि खाली पोटात अंडनलिकेला पोचला तर तीच नलिका आवळायला लागते. जणू "चल, ढकल बाहेर." जिथे पोचेल तिथलं काम. मात्रा जरा जास्त झाली, रक्तातून खाली उतरली, तर थांबवायला दिलेलं औषधच अंडी बाहेर काढणार. आग विझवायला जावं आणि हातून तेल पडावं, तशी गत.

नेमकं अशात ताईचा फोन आला. "मी येतेय."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. सहज."

धाकटीला ते पटलं नाही. ताई सहज कुठे जाणारी बाई नाही. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की तिला ताप भरल्यासारखं होतं. पण "नको" म्हणायची सोय नव्हती. धाकटीने एवढंच ठरवलं, की झाकणाचं ताईला कळू द्यायचं नाही. तिने एवढ्या मायेने शिवलं. तिला कळलं तर ती स्वतःला खात बसेल.

ताई आली. हातात एक पिशवी, आणि काखेत तिचा बटणांचा पत्र्याचा डबा, कारण येताना काही गणवेशांची बटणं लावायची राहिली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी धाकटीबरोबर केंद्रात आली. टाकीपाशी उभी राहिली, आणि पहिला प्रश्न तोच. "माझं झाकण कुठंय?"

"धुवायला दिलंय," धाकटी म्हणाली.

"काळं कापड धुवायला? रंग उतरेल ना. कोणी सांगितला शहाणपणा?"

धाकटीला खोटं बोलणं कधी जमलं नाही. ती काकांकडे बघायला लागली. काका कपाटाकडे बघायला लागले. ताईने दोघांकडे बघितलं, मग कपाटाकडे बघितलं, आणि स्टूल ओढून त्यावर चढून झाकण खाली काढलं. हात फिरवला. कोरडं होतं, नाडी शाबूत होती.

"बोल," ती म्हणाली.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धाकटीने तिला टाकीसमोरच्या टेबलाशी बसवलं, बटणांचा डबा उघडला आणि दोऱ्यात चार बटणं ओवली. "हे बघ, ताई. ठकीच्या मेंदूत अशी एवढीशी माळ तयार होते..." आणि तिने सगळं सांगितलं. डोळे, उजेड, देठावरची ग्रंथी, थांब म्हणणारा मेंदू. तिचे विद्यार्थीही जे तीन तासांत समजून घेत नाहीत ते ताईला एका बैठकीत कळलं, कारण ताई मध्ये बोलत नाही आणि समजल्याचं नाटक करत नाही.

शेवटी ताई म्हणाली, "म्हणजे मी काम चोख केलं म्हणून घात झाला."

"तुझा काय दोष? मी लावलं ते. मला कळायला हवं होतं."

"मला झाकायची सवयच आहे," ताई म्हणाली. तिने ती चार बटणांची माळ हातात घेतली होती आणि बोटाला गुंडाळत होती. "तुलाही असंच झाकून ठेवलं मी. वारा लागू दिला नाही. कोणास ठाऊक, तुझंही काही बिघडवून ठेवलं असेन."

हे ऐकलं आणि धाकटीला राग आला. खराखुरा, लहानपणचा राग, पाय आपटायचा. "काय बोलतेस तू! तू झाकण नव्हतीस, ताई. तू ही होतीस." आणि तिने ताईच्या बोटावरची बटणं धरून हलवली. "तू 'थांबा' म्हणालीस म्हणून मी आज इथे आहे. आत्याचं आठवतं?"

आठवत होतं, दोघींनाही. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती, ताईने नुकतं शिवणयंत्र घेतलं होतं. धाकटीचं अठरावं संपलं न संपलं तोच आत्या स्थळं घेऊन यायला लागली. दर वेळी नवं स्थळ, नवी माणसं, दर वेळी "पोरगी हातची जाईल, एवढं शिकून काय दिवे लावणार आहे?" आणि दर वेळी ताई दाराच्या चौकटीला आडवा हात लावून उभी. तिचं वाक्य ठरलेलं होतं. "थांबा. तिचं अजून व्हायचंय." चिडून नाही, भांडून नाही. हात मात्र काढायची नाही. माणसं उंबऱ्याबाहेरून परत जायची. आत्याने बोलणं टाकलं. गल्लीत लोक म्हणायचे, थोरलीला स्वतःचं जमलं नाही म्हणून धाकटीचं जमू देत नाही. ताई ऐकून घ्यायची आणि पायाने यंत्र चालवायची. आतल्या खोलीत धाकटी पुस्तक उघडून बसलेली असायची. यंत्राचा आवाज थांबला की समजायचं, दारात कोणीतरी आलंय.

"मी हे तुला कधी बोलले नाही," धाकटी म्हणाली. तिने चष्मा काढून हातात घेतला होता, आणि काका टाकीमागे जाऊन उगाचच नळ तपासायला लागले. "इतकी वर्षं व्याख्यानांत मेंदू थांब म्हणतो, थांब म्हणतो, असं सांगत फिरले. पण ते थांब म्हणणं म्हणजे काय ते मला आधीच माहीत होतं, ताई. घरी बघितलं होतं. तुझे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत."

"उपकार कसले," ताई म्हणाली. "बहिणीत उपकार असतात होय? डोळे पूस, लोक बघतात." बघायला काका सोडून कोणी नव्हतं, आणि ते तर पाठमोरे होते.

मग वाट बघणं सुरू झालं. ताई चार दिवसांसाठी आली होती, ती राहिलीच. रोज टाकीसमोर स्टुलावर बसून गणवेशाला बटणं लावायची. सुरुवातीला ठकी दूर कोपऱ्यात. मग हळूहळू पुढे यायला लागली, हात पुढे धरून, डोळा ताईच्या सुईवर. जिन्याची ये-जा चालूच होती, पण ताई जवळ असली की ठकी दचकेनाशी झाली. काका म्हणाले, "झाकणापेक्षा शिवणारीच बरी." कोळंबी ताईच्या हातून घ्यायची आणि मग तृप्त होऊन वाळूवर बसायची, वाळूच्याच रंगाची होऊन.

धाकटी रोज सुई द्यायची आणि रोज देवाचं नाव घ्यायची. सुईनंतरचा अर्धा तास जीव टांगणीला. ठकीने अंग आवळलं की धाकटीच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा ठकी टाकीतल्या नळीभोवती हात गुंडाळून बराच वेळ राहिली, अंडं चिकटवायला जागा शोधावी तशी. धाकटी टाकीची कड धरून उभी. ताई पाण्याशी तोंड नेऊन म्हणाली, "थांब गं बाई. घाई नको. तुझं अजून व्हायचंय." ठकीने नळी सोडली. आता ती ताईच्या सांगण्याने सोडली असं कोणी म्हणणार नाही, पण धाकटीने दुसऱ्या दिवसापासून मात्रा आणखी कमी केली, आणि नारिंगी रंग तेवढ्यावरच अडला. उजेडाने अडला की माळेने, हे तिला आजही छातीठोक सांगता येत नाही.

या सगळ्यात एक फोन मात्र रोज यायचा. केंद्राच्या फोनवर, संध्याकाळी, ताईसाठी. ताई उठून कोपऱ्यात जायची, हळू आवाजात "हो, खाल्लं तिने", "नाही, अजून नाही", असं बोलायची आणि परत येऊन सुई ओवायची, पण दोरा सुईत जायचा नाही.

"कोण गं?" धाकटीने एकदा विचारलं.

"बटणवाले."

बटणवाले म्हणजे ताईच्या दुकानाला दोरे-बटणं पुरवणारा माणूस. दर आठवड्याला पेटी घेऊन यायचा, चहा घ्यायचा, जायचा. बायको फार पूर्वी गेलेली. धाकटी त्यांना लहानपणापासून ओळखत होती. शाळेत असताना त्यांनी तिला शिंपल्याची बटणं दिली होती, ती अजून तिच्याकडे होती.

"बटणवाल्यांना ठकीची एवढी काळजी?"

काका टाकी घासता घासता म्हणाले, "मॅडम, पेप्टाइडातलं तुम्हाला कळतं. बाकीचं आम्हाला विचारत जा."

ताई लाल झाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण कानापर्यंत लाल. आणि मग हातातला शर्ट खाली ठेवून तिने त्या 'सहज'मागे काय होतं ते सांगितलं. बटणवाल्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. आत्ताच नाही, पहिल्यांदा विचारलं तेव्हा धाकटी कॉलेजात होती. ताई म्हणाली होती, थांबा, तिचं शिक्षण होऊ दे. ते थांबले. मग, तिला नोकरी लागू दे. थांबले. मग, तिचं बस्तान बसू दे. थांबले. मग विचारायचं राहून गेलं आणि फक्त चहा उरला. आता त्यांचा मुलगा त्यांना आपल्या गावी न्यायचं म्हणतोय. जायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"धाकटीला विचारून येते म्हटलं." ताई शर्टाची कड चाचपत होती. "पण इथे येऊन बघते तर तुझ्यामागे हा व्याप. म्हटलं, तुझं हे होऊ दे आधी. मग बघू."

 धाकटीने आयुष्यभर ताईला दारात उभं बघितलं होतं, पण दाराबाहेर आणखी कोणी उभं आहे, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. तिच्या पुस्तकांसाठी, तिच्या पदवीसाठी, ठकीच्या आजी-पणजीसाठी ताई एकटी थांबली नव्हती. लाज वाटली तिला, आणि त्याहून जास्त उमाळा आला. तिने ताईचा हात धरला. त्या बोटांना सुईचे घट्टे होते.

"ताई, माझं झालंय. केव्हाच झालंय. मला सांगायला हवं होतं."

"बघू," ताई म्हणाली. सवय जाता जात नाही.

पुढच्याच आठवड्यात नवरदेव जागा झाला. त्याला काचेच्या पेटीतून ठकीच्या टाकीसमोर आणलं, तर पठ्ठ्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे उमटले, झेब्र्यासारखे, एक हात लांब करून असा ऐटीत उभा की काकांना हसू आवरेना. "कपडे करून आले बघा," ते म्हणाले. धाकटीने सुई थांबवली. दिवे कमी केले. दोघांना एका टाकीत सोडलं. डोक्याला डोकं लावून, हातांत हात गुंतवून ते राहिले, आणि धाकटीने तोंडावर हात दाबून धरला होता तो तेव्हा काढला.

आता अंडी घालायला काहीतरी लोंबतं हवं, कारण माकूल अंडं वाळूत टाकत नाही, कशाला तरी बांधते. काका दोरी शोधायला निघाले. ताई म्हणाली, "थांबा," आणि कात्री घेतली. ते काळं झाकण तिने उभं कापलं. पट्ट्या केल्या, उकळत्या पाण्यातून रंग सुटायचा थांबेपर्यंत काढल्या, पिळल्या आणि टाकीत सोडल्या. आपल्या हातची शिवण तिने आयुष्यात पहिल्यांदा उसवली असेल.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला ठकीने पहिलं अंडं बांधलं. द्राक्षाएवढं, आपल्याच अंगातल्या शाईने काळं केलेलं, पट्टीला देठाची गाठ मारून. ती हातांनी गाठ आवळत होती, आणि ताई श्वास रोखून बघत होती, कारण गाठ म्हणजे तिचा प्रांत. "पक्की मारली," ती हलकेच म्हणाली. मग दुसरं. मग तिसरं.

"आता ही जाणार ना?" ताईने विचारलं.

"काही आठवड्यांत. त्यांचं तसंच असतं."

"पोटभर खाल्लं ना तिने?"

"खाल्लं."

"मोठी झाली ना?"

"झाली, ताई."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली आणि पदराने नव्हे, गळ्यातल्या मापाच्या फितीनेच डोळे टिपले.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. ठकीने हात आखडले, अंग फिक्कं केलं. ताई पटकन उठली. दोन ढांगांत दाराशी गेली, चौकटीला आडवा हात लावला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "थांबा. तिचं अजून व्हायचंय."

बाहेर बटणवाले उभे होते. हातात पेटी नव्हती. इस्त्रीचा शर्ट, उन्हाने कपाळ ओलं. ते लगेच एक पाऊल मागे सरले. इतक्या वर्षांची सवय. "हो, हो," ते म्हणाले. "सावकाश होऊ दे. मी आहे इथे."

धाकटी टाकीपासून उठली. ती ताईच्या मागे जाऊन उभी राहिली, जिथे ती लहानपणी पुस्तक छातीशी धरून उभी राहायची. तिने हात पुढे करून ताईचं मनगट धरलं आणि तो हात चौकटीवरून हळूच खाली घेतला. ताईने ओढला नाही.

"झालंय, ताई," ती म्हणाली. "तुझ्यामुळे झालं सगळं. आता येऊ दे त्यांना आत."

ताई तशीच उभी होती. मागे ठकी पुन्हा पट्टीकडे वळली होती, काका खुणेने सांगत होते, चौथं, चौथं बांधतेय. बटणवाल्यांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी घुटमळले.

"ती घाबरणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली आणि बाजूला सरली. "या. असे इकडून या."